नर्सरीतली क्लाइंबिंग वॉल: फी भरण्याआधी भिंत नीट बघा

मोठ्या शहरांतल्या खासगी प्ले स्कूलच्या माहितीपत्रकात स्विमिंग आणि स्केटिंगच्या शेजारी आता 'रॉक क्लाइंबिंग'ही येऊन बसलंय. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या (दोराशिवाय, कमी उंचीवर चढण्याच्या) विश्वचषक स्पर्धा झाल्या, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग आलं, आणि सह्याद्रीतल्या कातळांवर रविवार घालवणाऱ्या मंडळींपलीकडेही हा खेळ माहीत झाला. खेळ उत्तम आहे, लहान मुलांना तर उपजतच येतो. पण तीन-चार वर्षांच्या मुलासाठी त्याचं रूप वेगळं असावं लागतं, आणि नेमकी तिथेच बऱ्याच ठिकाणी गडबड होते.

या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, शाळेच्या आवारातच उभारलेली बुटकी, लांब भिंत. दुसरी, बाहेरच्या क्लाइंबिंग जिमशी करार करून महिन्यातून एक-दोनदा मुलांना बसने तिकडे नेणं. तिसरी, स्नेहसंमेलन किंवा समर कॅम्पपुरता भाड्याने आणलेला चाकांवरचा टॉवर. आमचा कौल आधीच सांगतो: पहिलीला पाचपैकी साडेचार, दुसरीला अडीच (तेही फक्त सिनिअर केजीसाठी), तिसरीला एक. तो एकही गुण फोटो चांगले येतात म्हणून.

बुटकी भिंत

या भिंतीवर मूल वर जात नाही, आडवं सरकतं. एका टोकाला चढायचं, पाय जमिनीपासून फूट-दीड फुटावर ठेवत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि उतरायचं. क्लाइंबिंगवाले याला ट्रॅव्हर्स म्हणतात. इथे दोर, हार्नेस (दोर जोडायचे अंगावरचे पट्टे), हेल्मेट यातलं काहीच लागत नाही.

प्लायचा अख्खा तक्ता आठ फूट बाय चार फूट असतो. तो उभा लावला की भिंत आपोआप आठ फुटी होते. त्यामुळे 'आमची वॉल आठ फुटांची आहे' हे ऐकून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. मोजायची ती पायांची उंची. अमेरिकेतल्या शाळांमध्ये अशा भिंतीवर साधारण तीन फुटांवर एक लाल आडवी रेघ असते. पाय त्या रेषेच्या वर जाता कामा नयेत, हा नियम. नर्सरीसाठी आम्ही ती रेघ दोन फुटांवरच मारायला सांगू. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मैदानी खेळण्यांवरची मार्गदर्शिका चढण्याच्या साधनांची पडण्याची उंची अगदी लहानग्यांसाठी ३२ इंच आणि शाळापूर्व वयासाठी ६० इंच इतकीच ठेवायला सांगते. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे.

नुसती रेघ मारून भागत नाही, कारण चार वर्षांचं मूल रेघ बघून थांबत नाही. वर पकड दिसली की ते जातं. म्हणून वरच्या भागात होल्ड, म्हणजे हाताने धरायच्या आणि पाय ठेवायच्या पकडी, लावायचेच नाहीत. कुठपर्यंत लावायचे याचा हिशोब सोपा आहे. तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ९५-९६ सेंटिमीटर, पाच वर्षांच्या मुलाची ११० च्या आसपास. मीटरभर उंचीच्या मुलाचा हात वर केल्यावर साधारण १२० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. पाय ४५ सेंटिमीटरवर असले तर हात १६५ वर. म्हणजे सव्वापाच-साडेपाच फुटांच्या वर भिंत कोरी हवी. तिथे डोंगर, ढग, माकड, काय हवं ते रंगवा. वरपर्यंत होल्ड ठोकलेली भिंत दिसली, तर ठेकेदाराने कॅटलॉगमधलं चित्र उचलून लावलंय असं समजावं.

होल्डमधलं आडवं अंतर २५ ते ३० सेंटिमीटर ठीक. ते ४० च्या पुढे गेलं की मूल सरकत नाही, झेप घेतं, आणि झेपेत हात सुटतो. खालच्या पट्ट्यात होल्ड दाटीवाटीनेच हवेत. एका चौरस मीटरला आठ-दहा.

होल्डच्या आकाराकडे तर कुणाचं लक्षच नसतं. मोठ्यांच्या जिममधले जुने, जाडजूड होल्ड शाळेच्या भिंतीवर बरेचदा दिसतात. मोठ्या माणसाला ते मऊ, सोपे वाटतात. चिमुकल्या पंजात मात्र त्यांची कड मावत नाही आणि मूल तळहाताने ढकलत राहतं. चारही बोटं आत जाऊन वळतील एवढी खोल आणि अडीच ते चार सेंटिमीटर जाडीची कड हवी. स्वतःचा हात लावून उपयोग नाही, मुलालाच धरायला लावा.

आता बोल्ट. होल्ड एम-१० (दहा मिलिमीटर जाडीच्या) बोल्टने प्लायच्या मागे बसवलेल्या टी-नटमध्ये आवळलेला असतो. प्लाय किमान १८ मिलिमीटरची हवी. शाळेत गेलात की हाताला येणारा प्रत्येक होल्ड धरून पिळून बघा. एखादा गरकन फिरला, तर तो मुलाच्या हातातही फिरणारच. फिरू नये म्हणून मुख्य बोल्टशेजारी एक बारीक भोक असतं आणि त्यातून लाकडी स्क्रू मारायचा असतो. घाईत काम उरकणारे तो हमखास गाळतात. उलट, बोल्ट अती आवळला की रेझिनचा होल्ड बोल्टाच्या भोवती तडकतो. पॉलियुरेथेनचे होल्ड महाग असतात, पण सहसा असे तडकत नाहीत. कॅप हेड बोल्टला ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. ती शाळेत कुठे ठेवली आहे हे विचारून बघा. 'ती ठेकेदाराकडे असते' असं उत्तर आलं, तर होल्ड वर्षातून एकदाच तपासले जातात हे कळलं. दर आठवड्याला एक फेरी आणि तारखेनिशी वहीत नोंद, एवढं तरी व्हायलाच हवं.

आणखी एक प्रश्न विचारा: तक्त्याच्या मागे हात जातो का? प्लाय थेट भिंतीला चिकटवलेली असेल, तर मागचा टी-नट निसटला की तो दुरुस्त करायला अख्खा तक्ता काढावा लागतो. मग कुणी काढत नाही, तो होल्ड तसाच ढिला राहतो किंवा तिथे मोकळं भोक पडून राहतं. काही ठिकाणी प्लायचा खर्च वाचवायला होल्ड सरळ भिंतीतच फास्टनरने बसवतात. काँक्रीटच्या भिंतीत ते चालतं. नव्या इमारतींमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर हळूहळू पोकळ होतो आणि गिलाव्याला होल्डभोवती बारीक चिरा पडतात. चिरा दिसल्या की पुढची चौकशीच नको.

पृष्ठभागाला वाळू मिसळलेला खरखरीत रंग देण्याची पद्धत मोठ्यांच्या भिंतीवर ठीक आहे. इथे घसरणाऱ्या मुलाचे गुडघे आणि कोपरं त्याने सोलून निघतात. गुळगुळीत रंगच बरा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. लोखंडी फ्रेमला मात्र सर्रास औद्योगिक रंग मारतात, तेव्हा डबा कुठला वापरला ते विचारायला हरकत नाही.

गाद्या आणि पावसाळा

जोडून ठेवायच्या रंगीत फोमच्या फरश्या, ज्या वर्गात बसायला वापरतात, त्या दहा-बारा मिलिमीटरच्या असतात. त्या पडण्यासाठी नव्हेत. जमिनीवर जे काही घातलंय त्याची 'क्रिटिकल फॉल हाइट' किती, याचा विक्रेत्याचा दाखला मागा. डोकं आपटल्यावर बसणारा धक्का एचआयसी या मापात मोजतात आणि तो १००० च्या आत राहील अशी कमाल उंची त्या दाखल्यावर लिहिलेली असते. भिंतीपासून बाहेर सहा फूट तरी गादी हवी. मूल सरळ खाली पडत नाही, पाय भिंतीला रेटून मागे फेकलं जातं. दोन गाद्यांमधल्या फटीवर झाकणपट्टी हवी, नाहीतर घोटा तिथेच मुरगळतो. गादी जिवंत आहे का हे बघायला तिच्यावर गुडघा टेकून वजन द्या. गुडघा फरशीला लागला, तर फोम मेला.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. प्लायच्या कडा फुगतात, टी-नट गंजतो, आणि गंजलेला बोल्ट अर्ध्यात अडकला की होल्ड ना घट्ट होतो ना निघतो. पत्र्याच्या शेडखालची, बाजूने उघडी भिंत असेल तर स्टेनलेसचे टी-नट आणि मरीन प्लाय आहे का ते विचारा. रेक्झिन फाटलेली गादी पाणी पिते आणि आतून कुजते. वास आला तर कारण तेच. याच दिवसांत प्ले स्कूलमध्ये हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ फिरते आणि वीस मुलांचे हात त्याच पंधरा होल्डना लागतात. वरून ओला फडका मारून भागत नाही. होल्ड काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे लागतात. हात कोरडे राहावेत म्हणून लावायची चॉकची पावडर तर या वयात हवीच कशाला? उडते, नाकात जाते, आणि मुलांचे हात तेवढे घामेजतही नाहीत.

तासाला काय होतं

भिंत कितीही चांगली असली तरी ती वापरणारा माणूस महत्त्वाचा. वीस मुलांचा वर्ग, चाळीस मिनिटांचा तास. बूट-मोजे काढणं, रांग लावणं, परत घालणं यात दहा मिनिटं जातात. वीस फूट लांब भिंतीवर एका वेळी तीन मुलं, त्यापेक्षा जास्त नकोत. म्हणजे सात तुकड्या, प्रत्येकीला चार मिनिटं. एका मुलाला एकच फेरी मिळते, आणि तेवढी पुरे होते. उरलेली सतरा मुलं त्या वेळात काय करतात, हा खरा प्रश्न. त्यांच्यासाठी दुसरा खेळ आणि दुसरी ताई हवीच. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०१६ च्या खासगी प्ले स्कूलविषयक मार्गदर्शक सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितली आहे. भिंतीच्या तासाला हे दोघं कमी पडतात. भिंतीजवळचा माणूस तिसरा.

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी उतरायला शिकवतो. तोंड भिंतीकडे, एक हात सोडायच्या आधी पाय खाली शोधायचा, पाय टेकला की मग हात. हे जमेपर्यंत लांब जायचं नाही. उडी मारायची वेळ आलीच तर गुडघे वाकवून, हात पुढे. मागे हात टेकत पडणं हे मुलांच्या मनगट आणि कोपराच्या फ्रॅक्चरचं नेहमीचं कारण आहे.

ताईंचे हात कुठे आहेत ते बघा. मुलाच्या मागे, कमरेच्या उंचीवर, बोटं जुळवून, अंगाला न लागता: बरोबर. मुलाचं मनगट धरून वर ओढणं मात्र अजिबात नको. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपर असा झटका बसल्यावर सहज सटकतं. डॉक्टर ते क्षणात बसवतात, पण तोपर्यंत मूल हात हलवत नाही आणि घरी कुणाला कळत नाही काय झालंय. ढुंगणाला हात लावून मुलाला होल्डवर 'ठेवणं' हेही तसंच चूक. जिथे ते स्वतः पोहोचलं नाही, तिथून त्याला स्वतः उतरता येत नाही. हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी बुडापेस्टमध्ये लहानग्यांबाबत हाच आग्रह धरला होता: मूल आपणहून ज्या स्थितीत येऊ शकत नाही, तिथे त्याला नेऊन बसवू नये.

चढण्याआधी गळ्यातलं ओळखपत्र काढलं जातं का? चेन, काळा दोरा, हूडची नाडी, हातातली कडी? होल्ड म्हणजे भिंतीवरच्या खुंट्याच, त्यात गळ्यातला दोरा अडकला तर मूल त्यावर लटकतं. याच कारणासाठी या बुटक्या भिंतीवर हेल्मेट नको. पालकांना हे उलटं वाटतं, पण हेल्मेट होल्डमध्ये अडकून हनुवटीच्या पट्ट्यावर मूल लोंबकळण्याचा धोका इथे डोकं आपटण्यापेक्षा मोठा. माहितीपत्रकातल्या फोटोत दोन फुटांवर उभं मूल हेल्मेट घालून दिसलं, तर समजा की फोटो काढणाऱ्याने विचार केला, शाळेने नाही. पायात काही नको. मोज्यांवर तर कधीच नाही. क्लाइंबिंग शूज विकत घ्यायला सांगणाऱ्या शाळेला नम्रपणे नकार द्यावा. आवळ बूट वाढत्या पायाला कशाला?

दोरावरचं क्लाइंबिंग

जिमशी करार असेल तर आधी हार्नेस बघा. मोठ्यांचा कमरेचा हार्नेस लहान मुलाला चालत नाही: कंबर भरलेली नसते, डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मूल उलटं झालं की पट्ट्यातून सटकू शकतं. छातीपाशी दोर जोडायचा, खांदे आणि मांड्या दोन्ही धरणारा पूर्ण हार्नेस हवा. युरोपीय मानक ईएन १२२७७ मध्ये ४० किलोपर्यंतच्या वजनासाठीचा हा 'टाइप बी'. लेबलवर तसं छापलेलं असतं. फ्रॉकवरून हार्नेस चढवला तर मांडीचे पट्टे नीट बसत नाहीत. त्या दिवशी पँटच.

दुसरी अडचण वजनाची. चौदा-पंधरा किलोचं मूल वरून खाली सोडायचं असतं आणि वरच्या बारला दोराचे दोन वेढे घातलेले असतात, जे मोठ्यांना सांभाळायला सोयीचे. या घर्षणात हलकं मूल खाली येतच नाही. ते वर अडकतं, रडतं, मग खालचा माणूस दोराला हिसके देतो. मुलांसाठी वेगळा, एकाच वेढ्याचा दोर आहे का, हे विचारा. ऑटो-बिले (खालच्या माणसाशिवाय मुलाला आपोआप खाली सोडणारं) यंत्र असेल तर त्याची किमान वजनमर्यादा बघा; प्रचलित यंत्रांपैकी एकाची ती १० किलो आहे. मर्यादेजवळच्या मुलाला ते फार सावकाश उतरवतं, आणि हात सोडून मागे रेलल्याशिवाय उतरवत नाही. चार वर्षांच्या मुलाला भिंत सोडायला सांगणं सोपं नाही. या यंत्रांवरच्या अपघातांमागे बहुधा एकच गोष्ट असते: हूक न लावताच चढणं. म्हणून प्रत्येक यंत्रासमोर जमिनीला आडवा पडदा असतो. तो गुंडाळून बाजूला टाकलेला दिसला तर परत फिरा.

आणि वेळेचा हिशोब: हार्नेस चढवणं, तपासणं, चढणं, उतरणं मिळून एका मुलाला पाच मिनिटं. एका दोरावर वीस मुलांना शंभर मिनिटं. 'दर आठवड्याला एक तास क्लाइंबिंग' आणि दोर एकच असेल, तर तुमच्या मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळ बाकावर बसणंच येतं.

भाड्याच्या टॉवरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वीस-बावीस फुटांचा सांगाडा, एकाच मापाचे हार्नेस, दर वेळी नवा ऑपरेटर. मूल दोन होल्ड चढतं, पुढे दोराने ओढलं जातं, वर घंटा वाजवतं, फोटो निघतो. चढणं असं त्यात काही घडतच नाही. टॉवरच्या पायाचे चारही आधार बाहेर काढून घट्ट टेकवलेत का, एवढं तरी बघा, आणि वारा असेल तर नको म्हणा.

तीन वर्षांखालच्या प्ले ग्रुपला भिंत लागतच नाही. पिकलर यांच्या नावाने ओळखला जाणारा लाकडी त्रिकोण, दोन-तीन फुटांचा, त्यांना पुरतो. फक्त दांड्यांमधली फट बघा: ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधलं मोकळं माप धोक्याचं, कारण अंग जातं आणि डोकं अडकतं.

कागदपत्रं

'आमची वॉल सर्टिफाइड आहे' म्हटलं की कशासाठी ते विचारा. क्लाइंबिंग भिंतींसाठीच्या युरोपीय मानकाचे, ईएन १२५७२ चे, तीन भाग आहेत: दोराच्या भिंती, बोल्डरिंगच्या भिंती आणि होल्ड. बरेचदा दाखला फक्त होल्डचा असतो, भिंतीच्या सांगाड्याचा नाही. राज्याच्या शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं, ती नोंदणी असलेली बरी. पण तीत भिंत कुणी तपासत नाही.

प्रशिक्षकाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक-अ‍ॅडव्हान्स कोर्स केलाय, हे अभिमानाने सांगितलं जातं. कोर्स उत्तमच आहे, पण त्यात बर्फ, कातळ आणि मोठी माणसं असतात. तीन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला भिंतीवरून कसं उतरवायचं, ते तिथे शिकवत नाहीत. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का आणि या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलंय, हे विचारा. अपघात विम्यात 'साहसी खेळ' वगळलेत का, हे पॉलिसीच्या वगळलेल्या बाबींत वाचा. शाळेचा सर्वसाधारण विमा असला म्हणजे भिंत त्यात आलीच असं नाही.

भेटीसाठी मधल्या सुट्टीची वेळ निवडा. तासाला सगळे सावध असतात. वापर नसताना गाद्या भिंतीला उभ्या लावून कडी-कुलूप घालायचं असतं, म्हणजे होल्ड झाकले जातात. त्या वेळी गाद्या आडव्या पडलेल्या, मावशी डबे धुण्यात गुंतलेल्या आणि दोन-तीन मुलं भिंतीवर असं दिसलं, तर आमचे साडेचार गुण त्या शाळेला लागू नाहीत.